बिळाचं सातवं तोंड

धान कापला गेला की घुशींना गाव आठवतं. चार महिने बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या शेतांच्या, धुऱ्यांत त्यांचं बरं चाललेलं असतं. लोंब्या ओढून न्यायच्या, पाणी हाताशी, हाकलणारं कोणी नाही. मग कापणी होते, भारे बांधले जातात, पुंजणे रचले जातात आणि बांध्या अशा बोडक्या होतात की बगळ्यालाही लपायला जागा उरत नाही. त्या आठवड्यात घुशी गावाकडे निघतात. कोणाच्या तणसाच्या ढिगाखाली, कोणाच्या न्हाणीमागे, आणि ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांच्या खुराड्याच्या पायाशी. परवा सकाळी मी घरामागची वाडी झाडत होते, तर खुराड्याच्या मागच्या भिंतीशी ओलसर, भुरभुरीत माती दिसली. पायलीभर तरी असेल. मी झाडू हातात धरून तशीच उभी राहिले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माती पाहून लाज वाटणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मला वाटते. दर वर्षी, याच दिवसांत. थंडी नुकती पडू लागलेली असते, सकाळी चुलीचा धूर वर न जाता अंगणातच लोळत राहतो, धान चुरण्याच्या मशीनची घरघर दिवसभर कानात असते आणि कोंड्यानं मान खाजते. लोकांना या दिवसांत नव्या तांदळाचा वास आठवतो. नवा भात मलाही आवडतो, पण पहिल्याच घासाला एक काळी कोंबडी आठवते आणि घास तोंडात नुसता फिरत राहतो. आमचे हे विचारतात, "दात दुखून राह्यला का?" पस्तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते. समोरच्याला कुठं उतरायचं आहे हे चेहऱ्यावरून ओळखतो, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणते, "खडा लागला." तेही सोडून देतात.

सांगायला सुरुवात केलीच आहे, तर आधी माझी खोड सांगते. मी प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवलं. शिकवून शिकवून माणसाचं एक वाटोळं होतं, त्याला ऐकून घेण्याची सवय राहत नाही. समोरचा तोंड उघडतो तेव्हा त्याचं उत्तर बरोबर की चूक, एवढंच आपण पाहतो. निवृत्त झाले आणि गावातल्या बचत गटानं मला चंद्रपूरला परसातल्या कुक्कुटपालनाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. पाच दिवस. परत आले ती प्रमाणपत्र घेऊन, आणि ते चौकटीत घालून समोरच्या खोलीत लावलं. ह्यांनी विचारलं, "कोंबड्यांले दाखवाले का?" मी आठ दिवस बोलले नाही. मग ह्यांच्या पैशाचं नाही, माझ्या पेन्शनचं खुराडं बांधलं. कमरेएवढी विटांची भिंत, वर जाळी, टिनाचं छत, आत बसायला बांबूचे दांडे. खाली मात्र मातीच ठेवली, कारण पायाला माती लागली की कोंबडी खूश राहते, असं मला वाटत होतं. सात कोंबड्या आणल्या आणि दर मंगळवारी गटाच्या बायांना व्याख्यान देऊ लागले.

बायका ऐकायच्या. काही हसायच्या, पण पदराआड. त्यांच्या घरी कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या होत्या आणि मी त्यांना कोंबडी म्हणजे काय ते सांगत होते. माझ्याकडे चार पानांचं एक पत्रक होतं. त्यात बिळं कशी ओळखायची ते चित्रांसह दिलेलं. दोन बोटांएवढं तोंड असेल तर साधा उंदीर. मूठ जाईल एवढं तोंड आणि बाहेर मातीचा ढीग असेल तर घूस. तोंड गुळगुळीत आणि बाहेर माती नसेल तर दुसऱ्याच्या बिळात राहायला आलेला साप. बांधीच्या कडेला चिखलाच्या गोळ्या असतील तर तो बिचारा खेकडा. मी हे फळ्यावर काढून दाखवायचे. मागच्या ओळीत बसणारी जैवंताबाई एकदा म्हणाली, "बाई, वास नाई लिहिला."

"कशाचा वास?"

"बिळाचा. वास घेतल्याशिवाय कसं समजंल घरी कोणी हाये का नाई?"

सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "पत्रकात वासाचं काही नाई," आणि पुढचा मुद्दा घेतला.

जैवंताबाई माझ्याच वयाची. तिचं घर आमच्या वाडीच्या पलीकडे, मध्ये फक्त काट्यांचं कुंपण. गोंड घरातली. नवरा कधीच गेला, लेकी दिलेल्या गावी. एकटीच राहायची, जंगलातून मोह आणायची, टेंभरं आणायची, आणि धान निघाला की कापूस वेचायला जायची. जमीन ती अशी वाचायची की मी वर्तमानपत्रही तसं वाचत नाही. वाडीतून चालताना खाली पाहत म्हणायची, "काल इथून मुंगूस गेलं. घाईत होतं." मी म्हणायचे, असं का, आणि मनात म्हणायचे, झालं सुरू हिचं.

तिच्याकडे एक काळी कोंबडी होती. पायापासून चोचीपर्यंत काळी, मानेवर थोडी हिरवी झाक, अंगानं लहान, स्वभावानं खाष्ट. तिला जैवंताबाई नुसती 'कोर' म्हणायची. गोंडीत कोर म्हणजे कोंबडी. म्हणजे कोंबडीचं नावच कोंबडी. पण हाक अशी मारायची की ती वाडीच्या त्या टोकाहून धावत यायची. ही जात तिच्या माहेरची. लग्नात तिच्या आईनं टोपल्यात घालून दिलेली एक कोंबडी, तिची लेक, तिच्या लेकीची लेक, अशी चालत आलेली. आधीच्या वर्षी गावात रोग आला आणि घरोघर कोंबड्या मेल्या. जैवंताबाईच्या घरची ही एकच वाचली. माहेरात तर आता ना आई होती ना कोंबड्या. "मायच्या घरचं एवढंच राह्यलं बाई माया जवळ," असं ती म्हणायची. रडत नव्हती हो. पाणी आणायला जाते म्हणावं, तसं सांगायची.

त्या वर्षी धान निघाला आणि कोर खुडूक झाली. जैवंताबाईनं अकरा अंडी जमवलेली होती. जोडीनं ठेवत नाहीत, एक तरी जास्तीचं हवं. टोपल्यात कोंडा, त्यावर तणस, अंड्यांवर कोळशाची एक-एक रेघ, आणि वीज कडाडली तर पिल्लं आतच मरू नयेत म्हणून मधोमध एक लोखंडी खिळा. कोर बसली. आणि चौथ्या दिवशी कोरपन्याकडच्या मुकादमाचा निरोप आला की टेम्पो उद्या निघतो, कापूस फुटून वाऱ्यावर जाऊन राह्यला आहे.

ती संध्याकाळी टोपलं डोक्यावर घेऊन आली. वर पातळ लुगडं झाकलेलं. "बाई, तुमच्या खुराड्यात ठेवता का? पक्कं हाये. मी पिल्लं निघाच्या आत येतो. दुसऱ्या कोणाजवळ देऊन नाई राह्यली, तुमच्याच जवळ देऊन राह्यली." माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! गावात दहा घरी कोंबड्या, आणि ही बाई माझ्याकडे आली. प्रमाणपत्राचं काम झालं, असं वाटलं.

टोपलं खुराड्यात कोपऱ्यात ठेवलं. बाहेर येताना ती भिंतीशी थबकली, खाली बसली, एका बिळाच्या तोंडाशी नाक नेलं. मग भिंतीला फेरी मारली. "घूस हाये बाई. ताजी. सहा तोंडं दिसून राह्यले." मी म्हटलं, माहीत आहे, उद्या बुजवणारच आहे. ती एकदम माझा हात धरून म्हणाली, "बुजवू नका. पहिले पाला कोंबा साऱ्या तोंडांत. सकाळी पाहा कोणत्या तोंडातला पाला बाहेर फेकला. दोन-तीन दिवस करा. घूस बाहेर जाते कुठून, येते कुठून, समजू द्या. तिले बाहेर काढल्याशिवाय बुजवलं तं थे आत निघते." मी हो हो म्हटलं. तीस वर्षं मुलं मला जसं हो म्हणायची, अगदी तसं.

आणि खरं सांगते, आठ-दहा दिवस मला पाल्याची आठवणही झाली नाही. कोर बसून होती. दिवसातून एकदा उठायची, दाणे टिपायची, पाणी प्यायची, घाईघाईनं विष्ठा टाकायची आणि पुन्हा टोपल्यात. मी जवळ गेले की अंग फुगवून गुरगुरायची. बाहेर मात्र मातीचे ढीग वाढत होते. मंगळवारी गटाच्या बाया येणार, आणि माझ्या खुराड्याला ही अशी भगदाडं! हे काही बरं दिसत नव्हतं. पत्रकाच्या पहिल्या पानावर लिहिलंच होतं, काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बिळं बंद करावीत. सोमवारी मी ह्यांना कामाला लावलं. बाटल्या फोडल्या, शेजारच्या बांधकामावरचं उरलेलं घमेलंभर सिमेंट मागून आणलं. सहाच्या सहा तोंडं बंद केली, वरून थापीनं गुळगुळीत केली. ह्यांनी विचारलं, "आत कोणी असंल तं?"

"असंल तं राहील आत," मी म्हटलं.

काय हे उत्तर! आजही आठवलं की वाटतं, कोणी तरी माझ्या थोबाडीत का नाही दिली. रात्री मी मस्त झोपले.

सकाळी दार उघडलं. माझ्या सात कोंबड्या वर दांड्यावर चिकटून बसलेल्या, एकीलाही ओरखडा नाही. खाली सगळीकडे तणस, टरफलं, पिवळं सांडलेलं. ज्या कोपऱ्यात टोपलं होतं, त्याच्या अगदी जवळ मुठीएवढं तोंड आणि ओल्या मातीचा ढीग. बिळाला सातवं तोंड होतं आणि ते आतून होतं. कदाचित ते आधीपासून तणसाखाली अर्धवट होतं, कदाचित मी बाहेरची सहा बुजवली म्हणून घुशींनी त्या रात्री उकरून काढलं. पत्रकाच्या दुसऱ्या पानावर हेच लिहिलं होतं, की आधी बिळाची सर्व तोंडं शोधावीत, खुराड्याच्या आतलीसुद्धा. ते मी नंतर वाचलं. पोरांना पान उलटलं नाही म्हणून किती रागावले असेन मी जन्मात!

आणि कोर टोपल्यात होती. बसून होती. पंख दोन्ही बाजूंनी टोपल्याच्या काठापर्यंत पसरलेले, मान ताठ, डोळा माझ्यावर. मी हात घातला तर चोच मारली. उचलली तेव्हा पाहिलं, पोटाखालची पिसं रक्तानं चिकटली होती, दोन-तीन जागी चावे होते. खाली एक अंडं होतं. अकरातलं एक, कोळशाच्या रेघेचं, गरम. आणि खिळा. ती रात्रभर उठली नव्हती. वर दांड्यावर जागा होती, उडाली असती तर एक चावा बसला नसता. मी पोटाला हळद लावली, तिला परत ठेवलं. ती पुन्हा अंड्यावर बसली, नुसती बसली नाही, चोचीनं अंडं फिरवून मग बसली.

मी तिथंच खाली मातीत बसून रडले. ते रडणं खरं होतं, एवढं मी माझ्या बाजूनं म्हणेन. पुढचं काही माझ्या बाजूनं म्हणण्यासारखं नाही.

त्याच दुपारी मुकादमाच्या फोनवरून जैवंताबाई बोलली. तिकडं वाऱ्याचा आवाज, बायांची गडबड. "बाई, अंडे बराबर हायेत ना?" मी तोंड उघडलं. खरंच सांगते, घूस हा शब्द जिभेवर आला होता. पण त्याच्यामागोमाग पाला आला, माझा हात धरून सांगितलेलं सगळं आलं, मंगळवारच्या बाया आल्या. आणि मी म्हणाले, "काय सांगू जैवंता, तुझी कोंबडी अंडी सोडून उठली. थंड पडली गं सगळी."

मग ती म्हणाली, "उठली?"

"उठली."

"बरं," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

एका पक्ष्यावर आळ घेतला मी. माणसावर घेतला असता तर तो भांडला तरी असता. ह्यांनी ऐकलं होतं. म्हणाले, "सांगून टाक. घुशीनं खाल्ले म्हणून सांगशीन तं थे काय तुले खाते?" मी म्हटलं, ती आली की समोर सांगीन. समोर सांगणं बरं असतं, फोनवर काय सांगायचं! किती छान वाटलं मला ते स्वतःचं बोलणं.

पुढचे पाच-सहा दिवस कोर त्या एका अंड्यावर बसून होती. मी बिळाच्या त्या तोंडावर पाटा ठेवला, टोपलं उंच बाकावर ठेवलं, शहाणपण सगळं आता आलं. रोज सकाळी जाऊन पाहायची. आणि रोज मला बरं वाटायच्या ऐवजी भीती वाटायची. कारण ती बसलेली दिसत होती. गल्लीतल्या आंधळ्यालाही दिसलं असतं की ही उठणारी कोंबडी नाही. जैवंताबाईनं खुराड्यात नुसतं डोकावलं असतं तरी माझं बोलणं उघडं पडलं असतं.

कोर बसल्याच्या विसाव्या दिवशी निरोप आला की टेम्पो दुपारी येतो. हे भाजी आणायला गेले होते. मी खुराड्यात गेले. कोरनं चोच मारली, मी हात मागं घेतला नाही. अंडं काढलं. ते गरम होतं, जड होतं. मी ते कानाला लावलं. आत काही ऐकू आलं की नाही, हे मी आजपर्यंत स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. शेणखताच्या खड्ड्याशी गेले, ते टाकलं आणि वर पाला ओढला. हे ह्यांना माहीत नाही. आज कागदावर पहिल्यांदा उतरलं. परत आले तर कोर टोपल्यात उभी राहून खालचं तणस उकरत होती. मग मी तिला उचलून बाहेर वाडीत सोडलं, आणि टोपलं उन्हात पालथं घातलं.

जैवंताबाई आली ती कापसाच्या धुळीनं पांढरी झालेली, बोटांना बोंडांचे ओरखडे. कोरला उचललं, बगलेत धरलं. "खरंच उठली का बाई?" ती माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. नुसतं विचारत होती. आताही वेळ होती. मी म्हटलं, "हो गं. मी दोनदा धरून बसवली, तरी उठली." बघा, खोट्याला मी अंगडं-टोपडंही घातलं.

"हिच्या मायनं कधी अंडे नाई सोडले," ती म्हणाली. "आजीनं तं छप्पर पेटलं होतं तरी नाई सोडले, माया बाप सांगत होता." मग कोरच्या मानेवरून हात फिरवत म्हणाली, "सोडणारी ठेवून काय करू? सोडणारीचे पिल्लं सोडणारेच निघते. मायच्या घरचं नाव खराब होते." मी म्हणायला हवं होतं, नको कापू. कोणतंही कारण सांगून म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "तुझी मर्जी."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जर्मनचं भांडं घेऊन आली. "तुमी पंधरा-सोळा दिवस सांभाळली. तुमचा वाटा हाये." ठेवून गेली नाही. उंबऱ्यावर बसली. नव्या तांदळाचा भात शिजलेला होता. मी ह्यांना वाढलं, मला वाढून घेतलं. ह्यांनी ताट बाजूला सारलं, पोट बरोबर नाही म्हणाले, उठून गेले. मी बसले. आणि मी खाल्लं.

आम्ही बौद्ध. दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो. पहिल्या, जीव न घेण्याच्या शीलाचं काय, ते आमच्या गावात रश्श्यासमोर कोणी कोणाला विचारत नाही. पण चौथं, खोटं न बोलण्याचं, ते मी शाळेत पोरांकडून घोकून घेतलेलं. त्या रविवारपासून चौथ्याला माझा आवाज बसतो. शेजारच्या बाईला वाटतं मला दमा आहे. एकदा तिनं अडुळशाचा काढा आणून दिला, तोही मी गुमान प्यायले.

या गोष्टीला पाच-सहा वर्षं झाली. मी मंगळवारचं व्याख्यान सोडलं नाही, हेही सांगून टाकते. उलट ते सुधारलं. आता मी सांगते की दाणे रात्री खुराड्यात ठेवू नका, सरपणाचा ढीग भिंतीपासून लांब रचा, जाळी हातभर जमिनीत गाडा आणि खालून बाहेरच्या बाजूला वळवा, म्हणजे उकरणारं तिथंच अडतं. बिळात आधी पाला कोंबा, असंही सांगते. वासाचंही सांगते. बाया वहीत उतरवून घेतात. हे सगळं कोणाचं आहे ते मी सांगत नाही, आणि जिचं आहे ती मागच्या ओळीत बसून ऐकते.

तिच्याकडे आता योजनेतल्या कोंबड्या आहेत, रंगीत, गलेलठ्ठ. अंडी भरपूर देतात, पण खुडूक होत नाहीत. बसणं त्यांना ठाऊकच नाही. पिल्लं हवी असली की जैवंताबाई पदरात अंडी घेऊन लोकांच्या घरी फिरते, "तुमची बसली का? माये चार ठेवता का तिच्याखाली?" मी खिडकीतून पाहते. आमच्याकडे ती कधी विचारायला आली नाही.

परवा माती दिसली आणि मी तिलाच हाक मारली. मला आता सगळं येतं, तरी मारली. ती आली, खाली बसली, वास घेतला, म्हणाली, "ताजी हाये." मी पळसाचा पाला तोडून दिला, ती एकेका तोंडात कोंबत गेली. पाठ माझ्याकडे होती. पाठीशी बोलणं सोपं असतं म्हणून असेल, मी म्हणाले, "जैवंता, तुझी कोर उठली नव्हती. घुशी आतून आल्या. मी सिमेंट लावलं होतं."

तिचा हात थांबला नाही. "मले मालूम हाये."

"कधीपासून?"

"पिसं उपटतानी दिसलं. पोटाले चावे होते, खपली धरलेले. उभ्या कोंबडीले पोटाले चावा बसत नाई बाई. बसून असली तरच बसते."

मी विचारलं, "मंग रस्सा काऊन आणला तू?"

"म्हणलं, ताट वाढलं की सांगतील. नाई तं घास घेतानी सांगतील." तिनं आणखी एक पान चुरगाळलं. "तुमी तं अजून मागतला."

खरं आहे. मागितला होता मी. ती पाहत होती म्हणून, चेहरा बिघडू नये म्हणून, चांगला झालाय म्हणून आणखी मागितला होता. वर मी इतकं सगळं लिहिलं आणि तेवढं गाळलं होतं.

"शिव्या दे मला," मी म्हटलं. "दे ना."

"शिव्या देऊन काय करू? बोलणं तुमचं होतं, इळा तं माया हातात होता. मीच कापली तिले." ती वळून बसली. पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. "मले एकच सांगा बाई. आता खरं सांगून राह्यल्या तं सांगा. त्या अकरातलं एकबी अंडं नाई राह्यलं होतं का? एकबी राह्यलं असतं तं कोणाच्याबी कोंबडीखाली ठेवलं असतं मी. दुसऱ्या गावाले पायी नेलं असतं. रोज मनात येते, एखांदं राह्यलं असंल तं?"

शेणखताचा खड्डा तिच्या मागे दहा पावलांवर होता.

"नाही," मी म्हणाले. "एकही नाही."

तिनं मान हलवली, पदरानं नाक पुसलं. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "तेवढंच मनात राह्यलं होतं." आणि ती उरलेल्या तोंडांत पाला कोंबायला लागली.